सर्टिफिकेट आलं, आता स्वतःचं बोलणं कोणाला तरी ऐकव

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. जिल्हा बाल संरक्षण कक्षात रुजू होऊन वर्षही झालं नाही. त्यात ऑफिस सुटल्यावर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा, म्हणजे बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून यावीत असं बोलण्याच्या पद्धतीचा, ऑनलाइन कोर्स पुरा केलास, याचं कौतुक वाटलं. कंत्राटी पगारात सुट्टीचा वेळ शिकण्यात घालवणारी माणसं आपल्याकडे कमीच. शेवटी विचारलंयस, "आता गृहभेटींत फरक पडेल ना?"

एवढ्यावर नाही पडणार. कोर्स वाईट होता असं मला म्हणायचं नाही. पण हे कौशल्य ऐकून येत नाही, आपलं बोलणं दुसऱ्या कोणी ऐकल्यावर येतं.

ही पद्धत दारू सोडवण्याच्या कामातून आली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांचा त्यावरचा पहिला लेख १९८३ चा, आणि स्टीफन रोलनिक यांच्याबरोबरचं पुस्तक १९९१ चं. मिलर यांचं मला आवडतं ते असं की आपल्याच कार्यशाळांचा हिशेब त्यांनी चारचौघांत मांडला. २००१ च्या अभ्यासात कार्यशाळा करून गेलेल्या लोकांना आपण फार सुधारलो असं वाटत होतं. त्यांच्या संवादांच्या टेप ऐकल्या तर सुधारणा बेताची, आणि समोरच्या माणसाच्या बोलण्यात तर काहीच बदल नाही. २००४ च्या अभ्यासात ज्यांच्या टेप ऐकून नंतर कोणी अभिप्राय दिला, फोनवर शिकवत राहिलं, त्यांचं कौशल्य टिकलं. नुसती कार्यशाळा केलेल्यांचं हळूहळू ओसरलं. आपल्या क्षेत्राच्या अगदी जवळचा अभ्यास डोनाल्ड फॉरेस्टर आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा, लंडनमधल्या बाल संरक्षणाच्या सामाजिक कार्यकर्त्यांवरचा. प्रशिक्षणाने कौशल्य थोडं वाढलं, पण कुटुंबांच्या बाजूने मोजलं तर फरक सापडला नाही. तिथे तर कामाची साधनं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा सर्टिफिकेट फाइलला लाव आणि पुढच्या कामाला लाग.

पुढचं काम कसलं, ते आपल्याकडच्याच प्रसंगावर सांगते. दिवाळी तोंडावर आहे, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन झालीय, टोळी चार दिवसांत साखर कारखान्याला निघणार. सातवीतल्या मुलीला बरोबर न्यायचं ठरलंय, आणि तू दारात उभी आहेस. आई म्हणते, "तिला मागं ठिवून फडात जीव लागंल का माझा? सासूला दिसत नाही. वयात आलेली पोर."

तुझ्या जिभेवर उत्तर तयार असतं: पण ताई, शाळा बुडेल, शिक्षण हा तिचा हक्क आहे, कायदा असं सांगतो. सगळं खरंच आहे. पण तू शाळेची वकिली सुरू केलीस की तिला फडाची वकिली करावीच लागते, आणि एखादी गोष्ट तोंडाने दहा वेळा मांडली की ती मनात पक्की होते. कोर्समध्ये हीच दुरुस्तीची खुमखुमी आवरायला सांगितली असेल. आपल्या पेशातली माणसं मुळात भलं करायला आलेली, त्यामुळे ती आपल्यात जरा जास्तच.

आता हेच दुसऱ्या अंगाने बघ. तू म्हणतेस, "तिच्या काळजीपोटीच तिला बरोबर न्यायचं ठरवलंय." आणि गप्प बसतेस. प्रश्न विचारत नाहीस. आई म्हणते, "तर काय." थोडं थांबते. मग, "तशी हुशार हाय ओ ती. बाई म्हणत होत्या, दहावीपर्यंत काढा तिला."

तू इतका वेळ ज्याची वाट बघत होतीस ते वाक्य हेच, आणि नेमकं इथेच नवी कार्यकर्ती घाई करते. "अरे वा, मग ठेवा की इथेच!" म्हणालीस की आई परत सासूच्या डोळ्यांवर जाईल. त्याऐवजी एवढंच म्हण, "बाईंना तिच्यात काहीतरी दिसतंय." बहुतेक वेळा पुढचं वाक्य तीच बोलते: "मलाबी दिसतंय ना." मग विचार, "गावात बाकीच्यांनी काय केलं, सांगू का?" हो म्हणाली तर हंगामी वसतिगृहाचं, म्हणजे आईबाप फडात असताना मुलांची गावातच सोय होते त्याचं, सांग, तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा योजनेचं मुलींचं वसतिगृह सुरू असेल तर त्याचं सांग, दोन वाक्यांत. आणि लगेच चेंडू तिच्याकडे दे: "यातलं तुम्हाला काय पटतंय, काय नाही?"

एवढं सगळं करूनही ती मुलीला घेऊन जाऊ शकते. उचल अंगावर आहे, आणि धाकटं पोर फडाजवळच्या कोपीवर (झोपडीवर) सांभाळायला कोणीतरी लागतं, ते काम बहुतेक वेळा थोरल्या मुलीवरच येतं. तू कितीही छान रिफ्लेक्शन दिलंस, म्हणजे तिचं म्हणणं तिलाच परत ऐकवलंस, तरी उचल फिटत नाही. ही पद्धत म्हणजे गरिबीवरचा उपाय, असं विकणारे लोक तुला भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. माणूस दोन मनांत असेल तेव्हाच तिचा उपयोग. दुसरं मनच परवडत नसेल तर आधी सोय लागते, मग संवाद.

आणखी एक गोष्ट तुला ऑनलाइन कोर्समध्ये दिसली नसणार. स्क्रीनवर दोनच चेहरे असतात. गावात तू गाडीतून उतरलीस की पाच मिनिटांत अंगणात दहा जण. चार लोकांसमोर कुठला बाप कबूल करेल की आपण पितो, पोराला मारतो? तो ऐटीतच बोलणार, आणि तू ती ऐट 'असहकार' म्हणून अहवालात लिहिणार. आधी जागा बदल. पाणी मागायच्या निमित्ताने आत जा, किंवा "गोठा दाखवता का" म्हण. जनावरांविषयी बोलताना माणूस सैल होतो. आणि आपण कुठून आलोय, कशासाठी आलोय, आपल्या अहवालावर काय अवलंबून आहे, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाक. मैत्रिणीसारखं गोड बोलून माहिती काढायची आणि ती मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे ठेवायची, याला मी फसवणूक म्हणते.

कुठे ही पद्धत गुंडाळून ठेवायची, तेही ऐक. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कळवणं बंधनकारक आहे. तिथे बापाचं मन वळवत बसायचं नाही, आणि मुलाकडून रिफ्लेक्शन देऊन देऊन माहिती काढायची तर अजिबात नाही. लग्नाची तारीख ठरली असेल तर ग्रामीण भागात ग्रामसेवकच (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. आधी त्यांना फोन, १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन. आईवडिलांशी बोलणं त्यानंतरही करता येतं, आणि करावंच. मूल धोक्यात सापडलं तर चोवीस तासांत समितीपुढे, यावर वाटाघाट नाही. मुलाची सुरक्षितता पक्की ठेवायची. ती कशी साधायची, यात मात्र आईबापाला जितका वाव देता येईल तितका द्यायचा.

याच्या उलट टोकाचा प्रसंगही येतो. एखादी कुमारी माता बाळ समितीकडे सोपवायला येते. बाळ सोपवल्यावर फेरविचारासाठी बाल न्याय कायद्याने तिला दोन महिने दिलेत. त्या दिवसांत तुझं मन कुठल्याही बाजूला झुकलेलं असेल, तरी ते तुझ्या वाक्यांत उतरता कामा नये. ज्या बोलण्याने तू ऊसतोड आईला हळूच शाळेकडे नेलंस, तेच बोलणं इथे गैर ठरतं. दोन्ही बाजू तिला सारख्याच मोकळेपणाने बोलू दे. मला विचारशील तर आपल्या कामात यापेक्षा अवघड काही नाही, आणि कोर्सवाले यावर अर्धी स्लाइड खर्च करतात.

आता सरावाचं. खऱ्या गृहभेटीचं रेकॉर्डिंग गुपचूप करायचं नाही, आणि ऑनलाइन वर्गातल्या ब्रेकआउट रूममध्ये खरी केस नाव-गावासकट सांगायची नाही. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि ती बंदी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही लागू आहे. (हे तुझ्या वरिष्ठांनाही एकदा सांग, जमल्यास नम्रपणे.) त्याऐवजी कक्षातल्या दोघांना पकड. समुपदेशक असेल तर उत्तमच, पण क्षेत्रीय कार्यकर्ता त्याहून बरा, कारण त्याला माणसं पाठ असतात. एकाने आई व्हायचं, एकीने ऐकणारी, तिसऱ्याने कागदावर नुसत्या रेघा ओढायच्या: प्रश्नाला एक रेघ, तिचं म्हणणं तिला परत दिलंस त्याला दुसऱ्या रकान्यात एक. दोन्ही सारखे आले तर बेताचं, प्रश्नांच्या दुप्पट रिफ्लेक्शन आली तर चांगलं. पहिल्या वेळी प्रश्नांचा रकाना भरून वाहील. आपल्याला फॉर्म भरायची सवय, दुसरं काय होणार! दहा मिनिटं पुरतात. दर पंधरवड्याला एकदा, सहा महिने. आणि आई झालेल्याने उगाच सोपं जाऊ नये, भांडावं.

या महिन्याची पहिली दहा मिनिटं रेकॉर्ड करून मला पाठव, सगळी नावं बदललेली असू देत. मी रेघा ओढून परत पाठवते. आई कोणाला करणार आहेस ते कळव, तुमच्या लेखापालांना मात्र नको. ते मागच्या भेटीत चहा पितापिता सगळ्याला हो म्हणत होते.

तुझी,
ताई