अर्ज त्यांच्या हाताने होऊ दे

प्रिय बेटा,

गावोगाव माहिती अधिकाराचे वर्ग घ्यायचं तू ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: लोकांचे अर्ज तू लिहू नकोस.

मी अकरा वर्षं तेच केलं. लोक घरी यायचे, मी लिहायचो, ते सही करायचे. एका पावसाळ्यात दीड महिना अंथरुणाला खिळलो. नेमकं तेव्हाच एका गावच्या पाणीयोजनेच्या अर्जाला उत्तर आलं, ‘माहिती उपलब्ध नाही’. अर्जदाराने पाकीट फोडलंच नाही, माझ्यासाठी जपून ठेवलं. पहिल्या अपिलाचे 30 दिवस निघून गेले. दोष त्याचा नव्हता. पाकीट फोडून काय बघायचं, हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

वर्ग कलमांनी सुरू करू नकोस, गाऱ्हाण्यापासून कर. रावेर-यावलकडे कुणीतरी विचारेलच, ‘केळीचा विमा का नाही मिळाला?’ पण ‘का’ची फाईल कुठल्याच दप्तरात नसते. 2005 चा कायदा नोंदीत आहे ते देतो. म्हणून पारावर बसून उलट विचार, विमा ठरतो कशावरून? हवामानावर आधारित फळपीक विम्यात आपल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदी बघतात. मग मागायच्या त्याच: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत रोजचं कमाल आणि किमान तापमान. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असली, तर 5 दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे. रस्त्याचंही तसंच. ‘काम निकृष्ट का’ असं विचारू नये. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, मागावी आणि टेप घेऊन रस्त्यावर उतरावं.

आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. याचा लोकांना जाच वाटतो. मला तो उपयोगी वाटतो, कारण शब्द मोजायला लागले की माणूस आपोआप नेमकं मागतो.

शिरपूरकडच्या एका मावशींना चार ओळी लिहायला तासभर लागला. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पला गोंद नव्हता, तो त्यांनी खिचडीच्या शिताने चिकटवला. कार्यालयात बाबूने विचारलं, ‘कशाला हवी माहिती?’ हा प्रश्न आम्ही वर्गात दहादा घोकून घेतला होता, एकाला बाबू करून. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘कलम सहा, पोटकलम दोन. कारण सांगावं लागत नाही.’ आणि पोच घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. पुढे कागद हाती आले की त्यांच्या गावात एकच प्रश्न व्हायचा, ‘कागद काय म्हनस?’ आणि मावशीच वाचून दाखवायच्या. तुझ्या वर्गातही हे बाबूचं सोंग नक्की ठेव. जुन्या भीतीवर त्याइतका दुसरा उपाय मला सापडला नाही.

पोच मिळाली की घरच्या कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला गोल करायला लाव. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. मुदत उलटल्यावर दिलेल्या माहितीचे पैसे घेता येत नाहीत, हेही सांग. गरीब माणसाला पानामागे 2 रुपयेही जड जातात. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी लागत नाही, पुरावा जोडावा लागतो.

वाळूसारखा विषय असेल तर एकट्याच्या नावाने अर्ज जाऊ देऊ नकोस. चौघांनी वेगवेगळे चार अर्ज करावेत, म्हणजे रोख एकावर येत नाही. आणि मिळालेल्या कागदांवर सौदा करणारा माणूस वर्गात दिसला तर त्याला सर्वांसमोर उठव. असल्या एकामुळे गावातल्या खऱ्या अर्जदारांकडे संशयाने बघतात.

वर्गाची तारीख कळव. तालुक्याला दहाचे स्टॅम्प ऐनवेळी मिळत नाहीत, पंचवीसेक मी आधीच आणून ठेवतो.

तुझा,
काका