सवलती असूनही विदर्भात पुण्यासारखे कारखाने का उभे राहत नाहीत? नागपूरजवळच्या बुटीबोरीत मशीन शॉप टाकावं का?

"तिकडच्या लोकांना कामच नको असतं" हे उत्तर तुम्हाला कुणीतरी देईलच. पुण्यात स्थायिक झालेल्या आमच्याच नातेवाइकांकडून ते मी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकतो. 1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि रेल्वे हाताशी होती म्हणून. ती शंभरहून जास्त वर्षं चालली. चालवायला माणसं काय पिंपरीहून येत होती?

फरक पडतो तो जॉबवर्कमध्ये, म्हणजे एकेक काम बाहेरच्या छोट्या शॉपकडून करून घेण्यात. 35 मिमी व्यासाचा, 350 मिमी लांबीचा, 20एमएनसीआर5 या पोलादाचा साधा शाफ्ट घ्या. कटिंग, टर्निंग, केस हार्डनिंग (भट्टीत वरचा थर, म्हणजे केस, कडक करणं), सरळ करणं, ग्राइंडिंग. पुण्याच्या भोसरीत यातलं प्रत्येक काम करणारा वेगळा आणि टेम्पोच्या एका फेरीच्या अंतरावर. टर्निंगनंतर ग्राइंडिंगला व्यासावर 0.4 मिमी माल ठेवलाय, म्हणजे एका बाजूला 0.2. भट्टीतून शाफ्ट वाकून येतो. शाफ्ट फिरवून डायलवर रनआउट, म्हणजे काट्याचा एकूण फरक, 0.5 दिसला, तर मध्य 0.25 सरकलाय. तो तसाच ग्राइंडरवर चढवला, तर एका बाजूला चाक न लागलेला काळा डाग राहतो आणि समोरच्या बाजूला 0.45 मिमी माल जातो. केस 0.9 मिमी खोलीची मागितली असेल, तर तिथे अर्धीच उरते. हार्डनेस टेस्टरवर तो शाफ्ट पासही होईल, पण गिऱ्हाइकाकडे झिजून परत येईल. भोसरीत हे दुपारी कळलं, तर संध्याकाळी शाफ्ट सरळ करायला पुन्हा प्रेसखाली असतो. हेच काम नागपूरहून पुण्याला पाठवत असाल, तर सातशे किलोमीटर जाणं, तितकंच येणं, आणि लॉट कुणामुळे बिघडला यावर फोनवर भांडण.

नागपुरात भट्ट्या नाहीत असं नाही. पण 400 किलोचा चार्ज, म्हणजे एका वेळचा माल, घेणाऱ्या भट्टीत तुमचे 50 शाफ्ट म्हणजे जेमतेम 130 किलो. त्याच ग्रेडचा, त्याच केस डेप्थचा दुसऱ्या कुणाचा माल येईपर्यंत भट्टीवाला थांबतो. थांबायचं नसेल, तर पूर्ण चार्जचे पैसे मोजा. सरकारची सवलत इथे उपयोगाची नाही. 1964 पासून राज्याची प्रोत्साहन योजना आहे, तालुक्यांचे मागासलेपणानुसार ए, बी, सी, डी, डी प्लस असे गट आहेत, पण पैसा मिळतो तो मुख्यतः भांडवलावर आणि करावर. शेजारी भट्टी, प्लेटिंग आणि गेज तपासणारी लॅब असावी यासाठी त्यातून काही होत नाही. सवलतीची मुदत संपली की गेटला कुलूप, हे बऱ्याच एमआयडीसींत बघायला मिळतं.

वाळूजचं उदाहरण बघा. 1985 साली बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग एन्ड्युरन्स, व्हॅरॉकसारखे पुरवठादार तिथेच मोठे झाले. त्या वर्षी मराठवाड्यातल्या माणसांचा स्वभाव बदलला होता का? पुण्याचंही तेच. आधी किर्लोस्कर, मग बजाज, टेल्को (आताची टाटा मोटर्स), आणि तिथून बाहेर पडून एका लेथवर धंदा सुरू केलेले कामगार.

पोलादाचं भाडं तर कुणी बोलतच नाही. भिलाई नागपूरपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आत. पण 1950 च्या दशकापासून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत भाडे समानीकरणामुळे पोलाद पुण्यालाही त्याच भावात पडायचं. जवळ असण्याचा जो एक फायदा होता, तोच काढून घेतला. मग बंदर आणि बाजार ज्यांच्याकडे, कारखाने त्यांच्याकडे. पंगतीत हे सांगितलं की विषय बदलतो.

आता हेही खरं की सगळं खापर धोरणावर फोडता येत नाही. जॉबवर्कचे पैसे सहा-सहा महिने अडकवणारे आमच्याकडेही आहेत. शिवाय मी लिहिलंय ते इंजिनिअरिंगबद्दल, जिनिंग किंवा राइस मिलचं गणित वेगळं.

बुटीबोरीत टाकायचंच असेल तर प्लॉटचा भाव नंतर विचारा. आधी तुमच्या ड्रॉइंगवरची प्रत्येक प्रोसेस लिहून काढा आणि त्यातल्या किती 30 किलोमीटरच्या आत, तुमच्या लॉटच्या आकाराला, लेखी दरात होतात ते बघा. दोनपेक्षा जास्त बाहेर जात असतील, तर फॅब्रिकेशन किंवा मोठे वेल्डेड सांगाडे घ्या, शाफ्ट-गिअरच्या नादी लागू नका.