मुलीला डॉक्टर व्हायचे आहे आणि आपण इंग्लंडला येत आहात

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न असा. आपल्याला इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी मिळाली आहे आणि येत्या उन्हाळ्यात आपण सहकुटुंब इंदूर सोडणार आहात. मुलगी सीबीएसईच्या अकरावीत आहे, तिला डॉक्टर व्हायचे आहे. तिने बारावी इंदूरलाच करावी की इकडे येऊन ए लेव्हल (इथला बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम) करावे, आणि कमी गुणांवर प्रवेश देणारे सहा वर्षांचे जे अभ्यासक्रम आपल्या वाचनात आले, त्यांचा तिला उपयोग होईल का? मी मूळचा इंदूरच्या लोकमान्यनगरचा. लेस्टरमध्ये सोळा ते अठरा वयाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो आणि दर सप्टेंबरात मेडिसिनचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे असते. त्यामुळे जे रोज हाताखालून जाते तेवढेच लिहितो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपला सगळा बेत त्यावर उभा दिसतो. किंग्ज कॉलेज लंडनचा वाढीव मुदतीचा अभ्यासक्रम, साउदॅम्प्टनचा सहा वर्षांचा बीएम ६, लेस्टरचे पायाभूत वर्षासह मेडिसिन हे सारे अभ्यासक्रम खरे आहेत आणि चांगले आहेत. नेहमीच्या तीन ‘ए’ श्रेणींऐवजी तिथे एखाददुसऱ्या ‘बी’वरही प्रवेश मिळू शकतो. ते का निघाले हे समजले, की ते कोणासाठी आहेत हेही समजते. २०१४ साली इथल्या मेडिकल स्कूल्स कौन्सिलने एक अहवाल काढला. मेडिसिनला अर्ज करणारी ८० टक्के मुले अवघ्या २० टक्के शाळांतून येतात आणि निम्म्या शाळा-कॉलेजांतून तीन वर्षांत एकही अर्ज आलेला नाही, असे त्यात आढळले. ही दरी भरून काढण्यासाठी सवलती वाढत गेल्या. मात्र त्यांना आपल्याकडच्या आरक्षणासारखे समजू नये. मध्य प्रदेशात २०२३ पासून सरकारी शाळेतल्या मुलांसाठी एमबीबीएसच्या ५ टक्के जागा राखून ठेवल्या जातात. दाखला जोडला की हक्क लागू होतो. इथे असा दाखला नसतो. विद्यापीठ मुलाचा पोस्टकोड पाहते, त्या शाळेचे निकाल पाहते, शाळेत मोफत जेवण मिळत होते का, आई-वडिलांपैकी कोणी पदवीधर आहे का, मूल सरकारी देखभालीखाली वाढले का, हे पाहते आणि मग ठरवते. आपण दोघेही इंदूरच्या जीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अभियंते आहात आणि स्किल्ड वर्करचा पगार मोफत जेवणाच्या मर्यादेत बसत नाही, म्हणजे यातले बरेचसे इथेच संपते. शिवाय हे सहा वर्षांचे अभ्यासक्रम बहुधा ‘होम’ शुल्काच्या, म्हणजे स्थानिकांचे कमी शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच असतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

होम शुल्कासाठी ढोबळमानाने दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची तीन वर्षे देशात नेहमीचे वास्तव्य हवे, आणि सुरू होण्याच्या दिवशी कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व हवे. पालक पहिली अट वाचतात आणि दुसरी वाचायचे विसरतात. आपल्या व्हिसावर कायम वास्तव्य मिळायला आजवर पाच वर्षे लागत आली आहेत आणि हा काळ दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये मांडला. पाच धरली तरी मुलगी एकवीस वर्षांची झालेली असेल. मध्येच परवाना मिळाला म्हणून चालू अभ्यासक्रमाचे शुल्क आपोआप उतरत नाही. विद्यापीठ शुल्काचा दर्जा ठरवताना लांबलचक प्रश्नावली पाठवते, तिच्यात देशात येण्या-जाण्याच्या तारखा आणि व्हिसाच्या प्रती मागितलेल्या असतात, आणि गोड बोलून काही होत नाही.

तेव्हा ती लेस्टरच्या शाळेत दोन वर्षे शिकली तरी मेडिसिनच्या दारात परदेशी विद्यार्थिनीच ठरेल. इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानाच्या वैद्यकीय जागांपैकी सुमारे ७.५ टक्केच परदेशी शुल्काच्या विद्यार्थ्यांना मिळू शकतात, आणि त्यांच्यासाठी जगभरची मुले रांगेत असतात. होम विद्यार्थ्याचे शुल्क २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्याचे बहुतेक ठिकाणी ४० हजार पौंडांच्या पुढे जाते आणि त्यासाठी इथले सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही. पाच वर्षांचा गुणाकार आपणच करा. मेडिसिनचे गुण नंतर मोजू, आधी घरात बसून हा हिशेब मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

धाकट्या मुलाचे गणित मात्र वेगळे आहे. अठरा पूर्ण झालेल्याने निम्मे आयुष्य सलग या देशात काढले असेल आणि शेवटची तीन वर्षे कायदेशीर वास्तव्य असेल, तर कायम परवाना नसतानाही इंग्लंडमध्ये होम शुल्क आणि कर्ज मिळण्याचा नियम आहे. तो आज आठ वर्षांचा आहे, तेव्हा त्याला तो लागू होऊ शकेल. बहिणीला मात्र नाही.

आता पैशाची सोय आहे असे धरून शिक्षणाचे पाहू. इकडे आल्यास तिला सप्टेंबरात बारावे वर्ष, म्हणजे ए लेव्हलचे पहिले वर्ष, नव्याने सुरू करावे लागेल. इंदूरची अकरावी त्यात धरली जात नाही. सरकारी शाळेत त्याची फी नसते. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र बहुतेक ठिकाणी लागतात, आणि तिसरा विषय बहुधा कुठलाही चालतो, म्हणून मुले मानसशास्त्र किंवा गणित घेतात. आपल्या मुलीने तिसरा विषय भौतिकशास्त्रच घ्यावा. भारतात कधी डॉक्टरकी करायची शक्यता उरलीच, तर एनएमसीच्या (भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमांसाठी बारावीच्या पातळीवर भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी हे चारही विषय लागतात, शिवाय परदेशात शिकायला जाणाऱ्या भारतीय नागरिकाला नीट पात्र व्हावे लागते. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षे चालतो. नीट मेच्या सुरुवातीला होते, इंग्लंडमध्ये तिचे केंद्र नाही, आणि ए लेव्हलच्या परीक्षा मेच्या मध्यावर सुरू होतात. म्हणजे ऐन अभ्यासाच्या दिवसांत त्यासाठी इंग्लंडबाहेर जाऊन यावे लागेल, आणि ही गोष्ट इकडे कोणी आपणहून सांगत नाही.

बारावी तिकडेच केल्यास सीबीएसईच्या गुणांवर काही विद्यापीठे थेट विचार करतात, काही आधी पायाभूत वर्ष मागतात; प्रत्येकाचे पान स्वतंत्र वाचावे लागते. इथे व्हिसाचे एक वळण आहे. अवलंबित मूल म्हणून पहिला अर्ज अठरा पूर्ण होण्याआधीच करता येतो. बारावीच्या निकालाची वाट पाहत ती तारीख उलटली, तर मग तिला विद्यार्थी व्हिसावरच यावे लागेल.

मेडिसिनचा अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी १५ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाच्या आत जावा लागतो, आणि त्यात चारच निवडी करता येतात. यूकॅट ही मेडिसिनची प्रवेशपरीक्षा उन्हाळ्यात, वर्षातून एकदाच देता येते. २०२५ पासून तिच्यातला आकृत्यांचा भाग काढून टाकला आहे, त्यामुळे जुनी पुस्तके विकत घेऊ नयेत. मुलाखत बहुधा वेगवेगळ्या टेबलांवर, एकामागून एक अशी तुकड्यातुकड्यांत होते. एका टेबलावर नट चिडलेल्या नातेवाइकाची भूमिका करतो आणि मुलाने त्याचे ऐकून घ्यायचे असते. इंदुरातल्या भंवरकुआच्या क्लासमध्ये घोटलेली उत्तरे तिथे चालत नाहीत. परीक्षकांना कामाचा अनुभव म्हणजे ऑपरेशन पाहिल्याची गोष्ट नको असते; वृद्धाश्रमात आठवडाभर चहा दिला आणि त्यातून काय कळले, हे ऐकायला ते उत्सुक असतात.

परदेशी शुल्काचा आकडा झेपत नसेल, तर माझा सल्ला तिने इंदूरला राहून नीटवर जोर द्यावा असा आहे. राज्याच्या कोट्यातून इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजची सीट मिळाली, तर पदवीनंतर प्लॅब ही परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा देऊन इकडे डॉक्टर म्हणून नोंदणीचा मार्ग उरतो, जरी परदेशी पदवीधरांना इथल्या प्रशिक्षणाच्या जागा मिळणे अलीकडे बरेच अवघड झाले आहे. त्यासाठी आपण येताना तिला आजी-आजोबांकडे ठेवायचे का, हा मात्र आपल्या घरातला निर्णय आहे. तिची जन्मतारीख आणि दहावीचे इंग्रजी-गणिताचे गुण कळवलेत, तर कोणत्या विद्यापीठांच्या अटींत ती बसते ते मी पाहून ठेवतो.