‘माझं स्पेलिंगच कच्चं आहे’

‘‘मॅडम, ज्या शब्दाचं स्पेलिंग येत नाही, तो शब्दच मी टाळते.’’ पहिल्याच भेटीत ताईंनी हे सांगून टाकलं. वय पस्तिशीचं, नोकरीत बरीच वर्षं, इंग्रजी वाचन उत्तम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मेलमध्ये ‘रिसीव्ह’च्या जागी ‘गेट’, ‘सेपरेट’च्या जागी ‘डिफरंट’. बाकीचं फोन सांभाळून घ्यायचा. मग बढती मिळाली आणि बैठकीत सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायची वेळ आली. मार्कर उघडून त्या दोन क्षण उभ्या राहिल्या, आणि ‘‘तूच लिही रे’’ म्हणून तो शेजारच्याला दिला.

‘‘माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? आता या वयात काय सुधारणार?’’

हा प्रश्न मला इतके जण विचारतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच असे. मी आधी लहानपणच्या वाचनाबद्दल विचारलं. वाचनही अडखळत असेल, ओळी सुटत असतील, तर डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्यायला हवी. इथे तसं काही नव्हतं. म्हणून त्यांना दोन आठवडे रोज पानभर हाताने लिहायला सांगितलं. शब्द टाळायचा नाही, खोडायचं नाही.

वहीत 41 चुका निघाल्या. आम्ही त्या शेजारी-शेजारी बसून वेगळ्या केल्या, तर तीसेक चुका तीन-चार सवयींतूनच आलेल्या. त्यांचा चेहरा तिथेच सैल झाला.

सर्वांत मोठा गठ्ठा डबल अक्षरांचा. ‘डायनिंग’मध्ये त्या दोन एन लिहायच्या. मी म्हटलं, ‘‘ताई, ‘डिनर’मध्ये एन दोन आहेत आणि ‘डायनर’मध्ये एकच. डबल अक्षर आधीच्या स्वराला आखूड ठेवतं. तुम्ही लिहिलंय त्याचा उच्चार ‘डिनिंग’ होईल.’’ त्यांनी लगेच मागची पानं उलटली. ‘रायटिंग’मध्ये दोन टी, ‘होपिंग’मध्ये दोन पी. ‘होप’चा शेवटचा मुका ई ‘आयएनजी’ लागताना गळतो आणि पी एकच राहतो. ‘हॉप’ला मात्र पी डबल करावा लागतो. एका नियमात अकरा चुका गेल्या.

दुसरा गठ्ठा कानाने फसवलेला. आपण देवनागरीत वाढलेली माणसं, ऐकू येईल तसं लिहायची सवय. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, त्यात जोर नसलेला स्वर पुसट होतो. ‘सेपरेट’मधला मधला स्वर ए आहे की ई, हे कान सांगूच शकत नाही. तिथे शब्दाचं कुटुंब शोधायचं. ‘डेफिनेट’च्या पोटात ‘फायनाईट’ आहे, म्हणून एन नंतर आय. ‘साइन’मधला मुका जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. ‘डेट’, म्हणजे कर्ज, यातला बी तर कधी उच्चारलाच जात नव्हता. लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला. हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे चूक माझी एकटीची नाही!’’ नाहीच मुळी.

‘आय आधी, ई नंतर, सी पाठोपाठ उलट’ हा शाळेतला नियम मी जपूनच देते. उच्चार ‘ई’ असेल तिथे तो बराच चालतो: ‘बिलीव्ह’, ‘रिसीव्ह’, ‘सीलिंग’. ‘सीझ’ आणि ‘वीअर्ड’ मात्र त्याला जुमानत नाहीत, ते पाठच करावेत.

सरावाबद्दल मी हट्टी आहे. एक शब्द वीस वेळा उतरवून काढू नका. हात चालतो, मन झोपतं. बघा, झाका, आठवून लिहा, ताडून पाहा. रोज पंधरा मिनिटं, सहा-सात शब्द, तेही एकाच गठ्ठ्यातले. चुकलेला शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. ताईंनी यात स्वतःची भर घातली: वाक्यं फोनवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकून लिहायची. मध्ये दहा-बारा दिवस सगळं बंदही पडलं. आम्ही तिथूनच पुन्हा उचललं.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा फळ्यावर ‘रिसीव्ह्ड’ लिहिल्याचं सांगत होत्या. सीपाशी हात थांबला होता, मग ई-आय आलं. नव्या वहीत चुका नऊ. त्यातल्या पाच ‘अकॉमोडेट’, ‘ऑकर्ड’सारख्या, पुन्हा डबल अक्षरांच्याच, पुढच्या आठवड्याची यादी त्यांनी दारातच करून घेतली.