इंट्रॉन शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी रत्नागिरीला बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आरएनएतून स्वतःच कापून बाहेर पडणाऱ्या इंट्रॉनवर (म्हणजे जनुकाच्या मधल्या, आरएनएतून काढून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यावर) तिला पुढे संशोधन करायचंय. आम्ही म्हणतो, बीएड कर. यात पुढे काही आहे का? – एक पालक, देवगड

उत्तर : आहे. 'इंट्रॉनतज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात मात्र कधी दिसणार नाही. कंपन्यांना आरएनए न बिघडवता हाताळणारी माणसं लागतात, आणि तो हात या विषयात उत्तम तयार होतो. शास्त्रज्ञ टॉमस चेक यांनी 1982 साली टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात दाखवलेला इंट्रॉन प्रथिनाच्या मदतीशिवाय आरएनएतून सुटतो; त्याला मॅग्नेशियम आणि ग्वानोसिन (आरएनएचाच एक घटक) पुरतं. याच गटातले इंट्रॉन उलटसुलट मांडून आज वर्तुळाकार आरएनए बनवतात : 2 मिलिमोलर जीटीपी (ग्वानोसिनचंच एक रूप), मॅग्नेशियम, 55 अंश, साधारण 15 मिनिटं. जास्त वेळ ठेवलं की मॅग्नेशियम आणि उष्णतेनं वर्तुळच तुटतं. म्हणून शेवटी आरनेझ-आर हे एन्झाइम घालायचं; ते सरळ आरएनए खातं, वर्तुळ उरतं.

प्रोजेक्टसाठी तिला लांब जायला नको. जांभ्याच्या चिऱ्यावरचं दगडफूल घ्यावं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी; त्यातल्या बुरशीच्या 18एस जनुकात (रायबोसोमच्या आरएनएचं जनुक) असे इंट्रॉन बऱ्याचदा सापडतात. डीएनए सीटीएबी या रसायनाच्या पद्धतीनं काढावा आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडला तर दहापट पातळ करून पाहावा, कारण दगडफुलातली कर्बोदकं एन्झाइमला रोखतात. प्रायमर (प्रती कुठून सुरू करायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) फक्त बुरशीचेच हवेत, नाहीतर सोबतचं शैवालही वाढतं. जेलवर अपेक्षेपेक्षा काहीशे बेस (डीएनएची अक्षरं) लांब तुकड्याचा पट्टा आला की मुलं 'कंटॅमिनेशन' म्हणून टाकून देतात. तिनं तोच सिक्वेन्सिंगला पाठवावा! मग आरएनएपासून केलेल्या डीएनए-प्रतीवर, म्हणजे सीडीएनएवर, तेच प्रायमर चालवावेत. पट्टा तेवढ्यानं आखूड झाला तर इंट्रॉन पेशीत सुटतोय. मात्र रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेझ (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी सोबत हवीच. तिच्यातही पट्टा आला तर डीएनए राहिलाय, डीएनए खाणारं डीएनेझ पुन्हा घालायचं. आणि यातले बरेच इंट्रॉन नुसत्या नळीत सुटत नाहीत, त्यांना पेशीतली प्रथिनं लागतात. तसं झालं तर तिनं खचू नये.

एमएस्सी प्रवेशासाठी 'जॅम' या राष्ट्रीय परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर द्यावा; आयआयटी मुंबईचं एमएस्सी त्यातूनच मिळतं. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीला महिना 37,000 रुपये आहेत, म्हणजे घरावर भार नाही. बीएड नंतरही करता येतं. कॉलेज निवडताना मात्र दोनच गोष्टी विचारा : शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट प्रयोगशाळेत होतो की नुसता कागदावर, आणि आरएनएसाठी वेगळं टेबल व उणे 80 चा फ्रीजर आहे का.