एमजीबीला मोठ्या डिस्क बसवण्याआधी टायरची तारीख बघा

काकांकडून आलेल्या 1969 च्या एमजीबीला, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, तुम्हाला 16 इंची अलॉय चाकं, 205 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि पुढे ब्रेकच्या मोठ्या डिस्कचा किट बसवायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. कारण काय, तर नाशिकच्या गंगापूर रोडवर ब्रेक दाबला की पॅडल खोल जातो आणि गाडी डावीकडे ओढते. माझ्याकडे 1967 ची एमजीबी बरीच वर्षं आहे, त्यावरून सांगतो: किटची ऑर्डर दिली नसेल तर थांबा. हे दोन्ही दोष मोठ्या डिस्कने जाणारे नाहीत.

पॅडल खोल जातो तेव्हा आधी मागचे ड्रम बघा. या गाडीचे मागचे लायनर आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. ड्रमच्या आतल्या बाजूच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या मागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो, तो पावसापाण्यात गंजून जाम होतो, आणि मेकॅनिक त्याला हात न लावता नुसती ब्रेक ऑइलमधली हवा काढत बसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाना अगदी मापाचा घ्या, नाहीतर डोकं गोल होतं. चाक अडकेपर्यंत आवळा, मग जेमतेम मोकळं फिरेल इतकंच मागे सोडा. माझा पॅडल एवढ्यानेच चांगला वर आला होता.

ओढण्याचं कारण ब्रेक ऑइलच्या रबरी नळीत, म्हणजे होजमध्ये, किंवा पॅड दाबणाऱ्या अडकलेल्या पिस्टनमध्ये असू शकतं. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगलेला असतो. दाबाने ऑइल पुढे जातं, परत यायला मात्र वेळ लावतं. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एक बाजू जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. होज तीनच आहेत, तिन्ही एकदम बदला.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना माझा पॅडल अचानक स्पंजासारखा झाला होता. शेजारी बायको, मागे दोन वळणांवर भाविकांच्या जीप. गिअर खाली टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी गाडी कडेला घेतली. घरी येऊन ऑइल काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 या प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. उकळलं की पाइपात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, पॅड दाबले जात नाहीत. तेव्हापासून दर दोन वर्षांनी पावसाळा संपला की मी ऑइल बदलतो.

आता टायर. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असो, दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर 40 च्या वेगाने जोरात ब्रेक दाबून बघा. चाकं लॉक होत असतील तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, कमी पडतंय ते रबर. मग डिस्क कितीही मोठी लावली तरी गाडी लवकर थांबणार नाही. 165/80 आर 14 हे माप या गाडीला बरोबर बसतं, आणि तेच स्विफ्ट-डिझायरच्या बेस मॉडेलला येत असल्याने नाशिकमध्ये सहज मिळतं.

205/50 आर 16 ची उंची जवळपास तेवढीच भरते, पण साइडवॉल 132 वरून 102 मिलिमीटरवर येते. ऑगस्टमधल्या मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या खड्ड्यांत हे 30 मिलिमीटर फार मोलाचे आहेत. शिवाय पॉवर स्टिअरिंग नाही. रविवार कारंजाजवळ गाडी लावताना रुंद टायर हात भरून आणतील. रुंद टायर मावावेत म्हणून फेंडर कापायचा विचारही करू नका. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा लागतो.

खर्च करायचाच असेल तर चांगले पॅड घ्या आणि दुहेरी सर्किटचा, म्हणजे ऑइलचे दोन वेगळे मार्ग असलेला मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) बसवा. उजव्या स्टिअरिंगच्या तुमच्या गाडीत एकच सर्किट असणार. म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींना 1968 पासून दुहेरी सर्किट होतं. बूस्टर लावा किंवा लावू नका, त्याने पायाचा जोर वाचतो, टायरची पकड वाढत नाही.

तुमची चाकं स्पोकची आहेत, तर एक तपासणी आजच करा. चाक जॅकवर उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. जरा जरी खेळ जाणवला तर हबचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दाते झिजलेत, आणि ब्रेकचा सगळा जोर त्याच दात्यांवर येतो. तिथे हब आणि चाक दोन्ही बदलावं लागतं. स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच. पंक्चरवाल्याकडे उभं राहून टायरच्या आतले कागदी स्टिकर काढून घ्या, शंखजिरं लावायला सांगा, नाहीतर स्टिकर ट्यूब घासून फाडतो. मधल्या नटाचे आटे डाव्या-उजव्या बाजूला उलटे असतात, तेही त्याला आधीच सांगा. नट तांब्याच्या हातोड्याने आवळा आणि वीस-पंचवीस किलोमीटर चालवून झाल्यावर एकदा पुन्हा ठोकून बघा.