ऑगस्टमध्ये बाळ येतंय, घर वन बीएचके: आधी काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिलं बाळंतपण ऑगस्टमध्ये, ठाण्यात वन बीएचके, बाळंतपणाला माहेरी सांगलीला जाणार. दुकानात क्रिब, चेंजिंग टेबल, टब, स्ट्रोलर असा सगळा संचच दाखवला, आणि सासूबाई म्हणतात बाळ होईपर्यंत घरात काही आणायचं नाही. मग आधी काय घ्यावं?

मी डोंबिवलीची, दोन मुलांची आई. धाकटा आता शाळेत जातो. बहीण, नणंद, शेजारणी अशा बऱ्याच जणींची ही खरेदी जवळून पाहिली आहे, त्या बळावर सांगते.

निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. बाळ पहिले दोन-तीन महिने सांगलीत असणार. ठाण्याच्या घरात ते येईल तेव्हा दिवाळीचे दिवस असतील. तोवर ठाण्यातल्या क्रिबमध्ये इस्त्रीचे कपडे आणि कुरिअरची खोकी साठतात, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. तेव्हा यादी करताना 'बाळाला काय लागतं' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'पहिले तीन महिने बाळ कुठे झोपणार, कुठे दूध पिणार, त्याचे कपडे कुठे वाळणार' एवढंच विचारा.

सासूबाईंशी वाद घालायचं कारण नाही. रिकामा पाळणा घरात नको असं खूप घरांत मानतात आणि दुकानदारांनाही त्याची सवय आहे. आत्ता बघून ठेवा, मापं लिहून ठेवा, हवं तर थोडे पैसे भरून ठेवा. माल बाळ झाल्यावर मागवा.

आता ऑगस्ट. पाऊस हा तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि दुकानातलं कुणी तो काढणार नाही. तान्हं बाळ दिवसाला सहा-आठ वेळा तरी ओलं करतं, शिवाय दुपट्यावर दूध काढतं ते वेगळंच. लंगोट दोन डझन असले तरी पावसात ते वाळत नाहीत. म्हणून पहिली खरेदी कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड. तो पंख्याखाली उभा करता येतो, आणि सांगलीहून ठाण्याला येताना गाडीच्या डिकीत मावतो. सोबत सुती दुपटी डझनभर, पुढून बांधायची झबली, दोन-तीन मेणकापडं किंवा ड्राय शीट. रात्रीसाठी डायपर लागतीलच, पण सगळ्यात लहान मापाचं एकच छोटं पाकीट घ्या. बाळं भराभर वाढतात आणि उरलेलं पाकीट कुणाच्या गळ्यात मारायचं हा प्रश्न पडतो. फॅन्सी कपडे अजिबात घेऊ नका. बारशाला इतके येतात की निम्मे अंगाला न लागताच लहान होतात.

झोपेच्या जागेवर मात्र डोकं आणि पैसे दोन्ही खर्च करा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारस साधी आहे. बाळाला पाठीवर निजवायचं, घट्ट आणि सपाट गादीवर. आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या जागेवर, निदान पहिले सहा महिने. आजूबाजूला उशी, जाड पांघरूण, कापसाची खेळणी काही नको. आपल्या वन बीएचकेत वेगळी खोली नाही याची खंत नको, कारण बाळ याच खोलीत असायला हवं.

यात आपल्याकडची अडचण म्हणजे राईची उशी. डोक्याला आकार यावा म्हणून ती हमखास येते, बहुधा आजीनेच शिवलेली असते. ती कौतुकाने ठेवून घ्या, पण झोपताना डोक्याखाली नको. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये यासाठी निजवताना कधी डावीकडे, कधी उजवीकडे तोंड करायचं, आणि जागं असताना समोर बसून थोडा वेळ पालथं घालायचं.

पाळणा की क्रिब? सांगलीत पाळणा असेलच, आणि पहिल्या काही महिन्यांसाठी तो पुरतो. फक्त तळ सपाट आणि घट्ट हवा. साडीची झोळी ही वेगळी गोष्ट. तिच्यात बाळ वाकून निजतं, हनुवटी छातीला टेकते, तोंडावर कापड येतं आणि श्वास अडू शकतो. कुणीतरी समोर बसून दोन अंगाई गाईपर्यंत ठीक, रात्रभरासाठी नाही. बाळ कुशीवर वळायला लागलं की पाळण्याचेही दिवस संपले म्हणायचे.

माळ्यावरचा पणजोबांच्या वेळचा पाळणा काढायचा बेत असेल, तर त्याचा रंग बघा. जुन्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांमध्ये ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खपली बाळाच्या तोंडात जाऊ शकते, कारण दात येताना ते कठडा चावणारच. असा रंग घरात घासत बसू नका, त्या धुळीतही शिसं असतं. बारशाला त्यात बाळाला घालून फोटो काढा आणि पाळणा परत माळ्यावर ठेवा. ठाण्यात पाळणा टांगायचा तर हूक स्लॅबमध्येच पक्का बसवायला हवा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला तो भार पेलत नाही.

क्रिब घ्यायचाच ठरला तर तीन गोष्टी तपासा. गजांमधली फट ६ सेंटीमीटरच्या वर नको. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. आणि खाली सरकणारी बाजू नको. वाकावं लागत नाही म्हणून दुकानदार ती मोठ्या कौतुकाने दाखवतात, पण ती बाजू निसटून मुलं फटीत अडकली म्हणून अमेरिकेने २०११ मध्ये असे क्रिब बंद केले. सेकंडहँड घेताना हे आधी बघा. कडेने बांधायच्या मऊ गाद्यांवरही तिथे २०२२ च्या कायद्याने बंदी आली. आपल्याकडच्या संचात मात्र त्या अजून झालरीसकट मिळतात. घ्यायच्या आधी क्रिबच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद बेडरूममध्ये जमिनीवर चिकटवा आणि काही दिवस तसेच राहू द्या. कपाटाचं दार उघडतं का, रात्री बाथरूमला जाताना पाय अडखळतो का, ते आपोआप कळतं. दहा बाय दहाच्या खोलीत डबल बेडशेजारी बहुतेकदा तो बसतच नाही. मग डबल बेडच्या उंचीला येणारा, शेजारी घट्ट अडकवता येणारा छोटा क्रिब बघा. मच्छरदाणी कुठल्याही परिस्थितीत हवी. ती छत्रीसारखी उघडणारी स्वस्तात मिळते.

ज्यावर बायका पैसे खर्च करत नाहीत आणि करायला हवेत अशी एक वस्तू म्हणजे खुर्ची. बाळासाठी नाही, तुमच्यासाठी. सुरुवातीला दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, एकेक वेळ अर्धा-पाऊण तास चालते, आणि पलंगाच्या कडेला वाकून बसून पाठीचं भजं होतं. हात टेकायला दांडे असलेली, पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी बुटकी खुर्ची हवी. झुलणारी महागडी नको. माहेरी वेताची जुनी खुर्ची असेल तर तिला पाठीमागे लोड लावा आणि ठाण्याला आणायची परवानगी आत्ताच काढून ठेवा.

चेंजिंग टेबल लागत नाही. जमिनीवर चटई, त्यावर मेणकापड. तिथून बाळ पडू शकत नाही. टबही लागत नाही, कारण मालिशवाल्या मावशी पाटावर पाय पसरून बसतात आणि पायांवरच बाळाला न्हाऊ घालतात. त्यांना टब दाखवलात तर हसतील. (शेक-धुरीच्या बाबतीत मावशींचं मन मोडावं लागलं तरी मोडा. धूर बाळाच्या फुप्फुसात नको.) बाटल्या, स्टरलायझर, वॉर्मर आधी आणू नका. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर डॉक्टर सांगतील, आणि तोवर उकळलेली वाटी-चमचा किंवा आजीचं चांदीचं बोंडलं पुरतं. डिजिटल थर्मामीटर आणि बाळाचं नेलकटर तेवढं पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा.

स्ट्रोलर सहा महिन्यांनी बघू. ठाण्याच्या कुठल्या फुटपाथवरून तो ढकलणार, हे आधी स्वतःला विचारा. वॉकर कुणी भेट दिला तर गोड बोलून बदलून घ्या. बसून चालवायच्या वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून घरंगळण्याचे आणि गरम भांड्यापर्यंत पोचण्याचे अपघात होतात; कॅनडाने तर २००४ मध्येच त्यावर बंदी घातली. लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो उभं राहून ढकलायचा असतो, आणि त्याला अजून वर्षभर वेळ आहे.

उरली एक मोठी वस्तू: गाडीतली सीट. तुम्ही स्वतःच्या गाडीने परतणार असाल तर सांगली ते ठाणे हा प्रवास सहा-सात तासांचा, तोही हायवेवरून. मांडीवरचं बाळ जोरात ब्रेक लागला की हातात राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्यासाठीची सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. सीट मागच्या दिशेला तोंड करून बसणारी घ्या, तान्ह्या बाळाच्या वजनापासून चालणारी, आणि लेबलवर आर ४४ किंवा आर १२९ (बाळाच्या सीटसाठीची आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकं) लिहिलंय का ते पाहा. ती मागच्या सीटवरच बसवायची, एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढून आडवं करायचं. सीट दुकानातल्या माणसाकडून तुमच्याच गाडीत बसवून बघा आणि मगच पैसे द्या, कारण काही गाड्यांचा पट्टा त्या सीटभोवती पुरत नाही. हे काम यजमानांवर सोपवा. तुम्ही सांगलीत असाल तेव्हा त्यांना ठाण्यात वेळ असेलच.